सिस्टर, कॉलम हलतोय का?

छातीला मार लागलेला पेशंट तेव्हा जिल्हा रुग्णालयात यायचा तो जीपमधून नाहीतर टेम्पोतून. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला, नारळावरून पडलेला, बैलानं शिंग खुपसलेला. २०१४ पासून १०८ ची गाडी आली आणि ऑक्सिजन वाटेतच सुरू होऊ लागला.

आमच्या कॅज्युअल्टीत मॉनिटर नव्हता. सदरा कात्रीनं उभा कापायचा आणि छातीच्या दोन्ही बाजू सारख्या फुलतात का ते बघायचं. एका बाजूला श्वासाचा आवाज नाही, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या, बीपी घसरतंय, म्हणजे हवा आत कोंडली. एक्स-रेसाठी थांबायचं नाही. डॉक्टर दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मधल्या फटीत जाड सुई घालायचे. आता मोठ्या माणसांत ती काखेच्या बाजूनं, चौथ्या-पाचव्या फटीत घालायला शिकवतात; तिथे छातीची भिंत सहसा पातळ असते.

मग आयसीडी, म्हणजे छातीतली हवा-रक्त बाहेर काढणारी नळी. काचेची बाटली, नळीचं टोक पाण्याखाली दोन सेंटिमीटर, बाहेरच्या चिकटपट्टीवर दर तासाची रेघ. नळीतला पाण्याचा कॉलम श्वासाबरोबर वरखाली व्हायला हवा, म्हणून राउंडला पहिला प्रश्न ठरलेला, "सिस्टर, कॉलम हलतोय का?" वॉर्डबॉय मामांनी स्ट्रेचर ढकलताना बाटली पेशंटच्या मांडीवर ठेवली की आम्ही ओरडायचो, ती छातीच्या खालीच हवी. पेशंट हलवताना नळीला चिमटा लावायची तेव्हा पद्धत होती. आता तो टाळतात, कारण हवा गळत असताना नळी बंद केली तर हवा पुन्हा आत कोंडते. बाटलीही आता प्लास्टिकची, न फुटणारी.

जुनं सगळंच सोनं नव्हतं. बरगड्या दोन-दोन जागी मोडल्या की श्वास घेताना छातीचा तेवढा तुकडा उलटा आत जातो. त्यावर आम्ही वाळूच्या पिशव्या ठेवायचो, रुंद पट्ट्या आवळायचो. श्वास आणखी उथळ व्हायचा, कफ साठायचा, न्यूमोनिया गाठायचा. आता आधी वेदना आटोक्यात आणतात, एपिड्युरलनं नाहीतर नर्व्ह ब्लॉकनं. उशी छातीशी धरून पेशंट खोकतो, स्पायरोमीटरचे चेंडू वर ओढतो. तेव्हा "खोका" म्हटलं की तो रडायचा.

श्वास मोजणं मात्र मागे पडलं. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचा मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ९८ दिसत राहतो आणि तो मिनिटाला ३२ श्वास घेत असतो. चार्टवर सवयीनं २० लिहिलेलं असतं. नव्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींना माझं एवढंच सांगणं: पूर्ण मिनिटभर मोजा, मगच लिहा.