स्वस्त चिपवरचा आकडा कोण ठरवतो?

'स्वस्त प्रोसेसर म्हणजे कमी कुवतीचा प्रोसेसर' हे विधान आपल्याकडे इतक्या ठामपणे केले जाते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला गेलो, तर तिथेही हेच ऐकायला मिळाले. "एवढ्या पैशात काही होत नाही साहेब, अजून दहा हजार घाला." ज्याच्याकडे ते दहा हजार नाहीत त्याने काय करायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. आम्हाला भाच्याच्या डिप्लोमासाठी घरात संगणक हवा होता. मोबाइलवर प्रोग्रामिंग शिकता येत नाही, आणि कर्ज काढायचे नाही हे आमचे आधीच ठरले होते.

मुळात चिपवर छापलेला वेग म्हणजे काय? कारखान्यात तयार झालेल्या चिपा तपासल्या जातात आणि त्यांची प्रतवारी होते. काही चिपांत खरोखर दोष असतो, त्या खालच्या वेगाने विकल्या जातात. इथवर तक्रार करण्यासारखे काही नाही. पण बाजाराला स्वस्त चिपा जास्त लागतात आणि कारखान्यातून चांगल्या चिपा जास्त निघतात, तेव्हा चांगल्या चिपेवरही खालचा आकडा छापला जातो. तो आकडा मग कुवतीचा राहत नाही, किमतीचा होतो. जन्मतः माथ्यावर दर्जा छापण्याचा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

पुरावा हवा असेल तर 1998 सालचा इंटेलचा सेलेरॉन 300ए पाहा. बसचा वेग 66 मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, म्हणून 300 मेगाहर्ट्झ. गुणक कंपनीने कुलूपबंद केला होता, पण बस मदरबोर्डवरून 100 वर नेता येत होती. साडेचार गुणिले शंभर, 450. पुष्कळ चिपा या वेगाने विनातक्रार चालल्या. बाजारात आली तेव्हा तिची घाऊक किंमत 149 डॉलर होती आणि 450 मेगाहर्ट्झच्या पेंटियम टूची 669. पेंटियमची कॅशे मोठी होती हे खरे, 512 किलोबाइट. पण ती प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनची 128 किलोबाइटची कॅशे चिपेवरच होती आणि पूर्ण वेगाने चाले. त्यामुळे पुष्कळ कामांत फरक जेमतेम उरला.

तरीही कुणी म्हणेल, हा योगायोग. मग 2010 सालचे काय? त्या वर्षी इंटेलने पेंटियम जी6951 सोबत 50 डॉलरचे एक कार्ड विकायला काढले. कार्डावरचा क्रमांक टाकला की त्याच चिपेतली हायपर-थ्रेडिंग आणि जादा कॅशे सुरू होई. चिप तीच, बसवलेलीही तिथेच. म्हणजे ग्राहकाने विकत घेतलेल्या वस्तूचा एक भाग चालू स्थितीत असूनही कुलपात होता आणि किल्लीचे वेगळे पैसे होते! टीका झाली, पुढे ती योजना बंद पडली.

आता आमच्या संगणकाकडे येऊ. आम्ही एएमडीची अ‍ॅथलॉन 3000जी घेतली. दोन कोअर, चार थ्रेड, 3.5 गिगाहर्ट्झ, चित्र दाखवणारा भाग आतच, त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड नको. या चिपेचा गुणक उघडा आहे. पण मेख अशी की ए320 जातीच्या स्वस्त मदरबोर्डवर तो वापरता येत नाही, त्यासाठी बी450 सारखा बोर्ड लागतो. कुलूप चिपेवरून काढले आणि मदरबोर्डावर लावले, इतकेच. आम्ही बी450 जुन्या बाजारातून घेतला.

रॅमच्या बाबतीत आम्ही हट्ट धरला. आठ जीबीची एक पट्टी घ्या, असे दुकानदार सांगत होता. आम्ही चार-चारच्या दोन घेतल्या. 2666 च्या एका पट्टीतून सेकंदाला साधारण 21 गिगाबाइट माहिती जाऊ शकते, दोन पट्ट्यांतून 42. आतले ग्राफिक्स याच रॅमवर जगते, त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतली. कुणी आमच्याकडे फक्त वेग वाढवण्याचा सल्ला मागायला आले, तर आम्ही आधी या दोन गोष्टी करायला सांगतो.

मग बायोसमध्ये जाऊन भाच्याने गुणक 35 वरून एकेक पायरी चढवत 38 वर नेला. प्रत्येक पायरीवर तासभर प्राइम95 चालवायचे, तापमान वहीत लिहायचे. ते 80 अंशांच्या वर गेले की थांबायचे, हा नियम आमचा. 3.5 चे 3.8 झाले, म्हणजे साडेआठ टक्के. सेलेरॉनच्या पन्नास टक्क्यांपुढे हे काहीच नाही, आणि ज्यांना यात चमत्कार हवा आहे त्यांची निराशा होईल. शिवाय वेग वाढवताना चिप जळाली तर वॉरंटी मिळत नाही, हे आम्ही घरात सगळ्यांना आधीच सांगितले होते. पण कंपनीसोबत आलेल्या साध्या पंख्यावर, एक रुपया जादा न घालता मिळालेले ते साडेआठ टक्के आमचे आहेत. शिवाय गुणक, व्होल्टेज आणि उष्णता यांचा संबंध त्या पोराला वर्गात कुणी शिकवला नव्हता, तो त्याच्या वहीत आहे.

एक गोष्ट मात्र वातानुकूलित खोलीत बसून सल्ले देणारे कधी सांगत नाहीत. आमच्या घरावर पत्रा आहे. डिसेंबरात पास झालेली चाचणी मे महिन्यात दुपारी दोन वाजता पुन्हा घ्यावी लागते. घेतली तेव्हा पारा 80 च्या पलीकडे गेला, म्हणून उन्हाळ्यापुरता गुणक 36 वर आणला. पाऊस सुरू झाला की भाचा तो पुन्हा 38 वर नेतो.