करडईची चुलत बहीण

मागच्या ऑक्टोबरमध्ये मला एका क्लायंटसाठी आठशे शब्दांचा इंग्रजी लेख लिहायचा होता. विषय होता, 'घरच्या बागेत कार्डून कसे वाढवावे.' मी कंटेंट रायटर आहे. बी.ए. इंग्रजी झाल्यापासून हेच काम करते, दुर्ग-भिलईच्या पद्मनाभपुरातल्या आमच्या घरातून, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. कधीही न पाहिलेल्या गोष्टींबद्दल ठामपणे लिहायची मला सवय झाली आहे. कार्डूनही मी पाहिलं नव्हतं.

कार्डून ही भूमध्य समुद्राच्या आसपासच्या देशांतली भाजी. आर्टिचोक तुम्ही ऐकलं असेल. त्याची न उमललेली कळी खातात. कार्डून त्याचंच जवळचं भावंड, पण याचे पानांचे जाड, मांसल देठ खातात. माणसाच्या उंचीचं झाड, रुपेरी करडी पानं, वर जांभळं काटेरी फूल. स्पेनमध्ये नाताळच्या जेवणात त्याचे देठ बदामाच्या रश्श्यात शिजवतात, मोरोक्कोत मटणाबरोबर. पोर्तुगालमध्ये तर त्याच्या वाळलेल्या फुलाने दूध विरजून चीज करतात.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आजी तांदूळ निवडत बसली होती. तिने वाकून स्क्रीनवरचा फोटो पाहिला.

"हे करडई हाय का व?"

"नाही आजी, इटलीची भाजी आहे."

"बोंड तं करडईचंच दिसते. फूल जांभळं काऊन हाय मंग?"

मी हसून पुढे टाईप करत राहिले. तासाभराने वनस्पतीचं कूळ शोधताना माझं हसू थांबलं. आर्टिचोक, कार्डून आणि आपली करडई ही तिन्ही सूर्यफुलाच्या मोठ्या कुळातल्या एकाच काटेरी गटात येतात. म्हणजे नात्याने चुलत बहिणीच. चौथी शिकलेल्या आजीने नुसतं बोंड पाहून ते ओळखलं होतं.

इथे आजीबद्दल थोडं सांगायला हवं. ती माझ्या बाबांची आई, यवतमाळ जिल्ह्यातली. बाबा नोकरीसाठी भिलईला आले आणि इथलेच झाले. आजोबा गेल्यावर त्यांनी आजीला इकडे आणलं आणि गावच्या घराला कुलूप लागलं. आमच्या भागात मराठी घरं बरीच आहेत. १९५६ पर्यंत दुर्ग आणि यवतमाळ एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. नंतर पोलाद कारखान्यामुळेही विदर्भातून खूप लोक आले. पण आजीला त्याचा काय उपयोग? तिच्या गावात ज्वारी होती, इथे सगळीकडे धान. खिडकीबाहेरची भाषा तिला निम्मीच कळायची. जेवण कमी होत होत अर्ध्या पोळीवर आलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. ती फक्त म्हणायची, "मले करडईची भाजी पायजे होती." त्याच्याच जोडीला दुसरं वाक्य असायचं, "मले घरी नेऊन द्या."

दोन्ही वाक्यांना आमची उत्तरं ठरलेली होती. दुसऱ्याला बाबा म्हणायचे, "बघू." पहिल्याला मी म्हणायचे, "आजी, इथे करडई मिळत नाही."

खरं सांगते, मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. आई लहानाची मोठी भिलईतच झाली, तिच्या माहेरी ही भाजी होत नसे. आमची भाजी कोपऱ्यावरच्या दुकानातून किंवा फोनवरून येते. तिथे दिसली नाही म्हणून मी 'मिळत नाही' असं सांगून मोकळी झाले होते, जसे मी माझे लेख लिहिते तसंच.

त्या फोटोनंतर मला ते टोचायला लागलं. नोव्हेंबर लागला तसा एका सकाळी मी आजीला रिक्षात बसवून इंदिरा मार्केटला नेलं. छत्तीसगढमध्ये 'छत्तीस भाज्या' असं कौतुकाने म्हणतात, आणि इथे भाजी म्हणजे पालेभाजी. लाल भाजी, चेच भाजी, मुनगा म्हणजे शेवग्याचा पाला, अमारी म्हणजे आपली अंबाडी. मी दोन-तीन जणींना 'करडई' विचारलं. सगळ्यांनी मान हलवली. तेवढ्यात आजी खाली बसली होती. एका म्हाताऱ्या भाजीवालीच्या पसऱ्यातून तिने एक जुडी उचलली, एक पान तोडलं, चावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हेच हाय."

भाजीवाली म्हणाली, "ये बर्रे भाजी हे, नोनी. कुसुम भाजी घलो कहिथें."

बर्रे. कुसुम. मला कुसुम म्हणजे लाखेचे किडे पोसतात तो मोठा वृक्ष एवढंच माहीत होतं. पण हे दुसरं कुसुम. याच्या पाकळ्यांतून पूर्वी पिवळा आणि लाल रंग काढून कापड रंगवायचे. मराठीत आपण 'कुसुंबी' रंग म्हणतो, तो याच फुलाचा. शब्द माझ्याही भाषेत होता. इतके महिने आजी जी भाजी मागत होती, ती घरापासून थोड्याच अंतरावर दुसऱ्या नावाने विकली जात होती.

त्या दिवशी स्वयंपाकघर आजीने ताब्यात घेतलं. तिची पद्धत लिहून ठेवते, कारण मला ती पहिल्यांदाच कळली. दोन जुड्या करडई निवडून फक्त कोवळी पानं आणि शेंडे घ्यायचे. जुनी पानं कडेने काटेरी होतात, ती टाकायची. तीन-चार पाण्यांतून धुऊन बारीक चिरायची. अर्धी वाटी मुगाची डाळ अर्धा तास भिजवायची. तेलात मोहरी, आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून आणि तीन-चार हिरव्या मिरच्या. लसूण लालसर झाला की हळद, डाळ, पाला आणि मीठ. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायची. शेवटी दोन चमचे ज्वारीचं पीठ भुरभुरून एक वाफ आणायची. चव किंचित कडवट, पण वाईट नाही.

आजीने त्या दुपारी दीड भाकरी खाल्ली. आई काही बोलली नाही, फक्त तव्यावर अजून एक टाकली.

पुढच्या खेपेला त्याच भाजीवालीने मूठभर पांढरं बी आणून दिलं. बी सूर्यफुलाच्या बीसारखंच, पण लहान आणि टणक. गच्चीवरच्या चार कुंड्यांत मी ते पेरलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ प्रेमाने पाणी घातलं. आठवड्यात रोपं वर आली, पंधराव्या दिवशी माना टाकू लागली. मुळं कुजली होती. आजी गुडघे धरत जिना चढून आली आणि ओली माती चिमटीत धरून म्हणाली, "अवं माय, करडईले इतकं पाणी पाजत असतात का? तिले तहान लागू दे. मंग ते आपली आपण खाली जाते."

नंतर वाचलं तर तेच होतं. करडईचं सोटमूळ जमिनीत खोल जातं आणि खालची ओल शोधतं. म्हणून तर विदर्भ-मराठवाड्यात आणि सोलापूरकडे रब्बीत, नुसत्या मुरलेल्या ओलाव्यावर ती येते. साचलेलं पाणी मात्र तिला मारतं. गावाकडे ज्वारी-हरभऱ्याच्या शेताभोवती करडईच्या ओळी का असतात, तेही आजीने सांगितलं. मोठी झाली की काट्यांमुळे जनावरं आत शिरत नाहीत. आता फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याची वाणंही काढली आहेत, हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "मंग शेत राखन कोन?"

दुसऱ्यांदा आम्ही दोघींनी मिळून पेरलं. तळाला छिद्रं मोठी केली, मातीत वाळू मिसळली, वरची माती सुकल्यावरच पाणी. रोपं बोटभर झाली की दाटीतली उपटायची, हीच पहिली भाजी. शेतातही विरळणी करताना निघालेली रोपं अशीच घरी येतात. जानेवारीत शेंड्यांवर काळा मावा पडला. आजीने भरलेले शेंडे खुडून टाकले आणि कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेलं पाणी शिंपडायला लावलं. चारातल्या दोन कुंड्या वाचल्या.

कार्डूनचा लेख मी तोवर देऊन टाकला होता, पण एक गोष्ट मी आजीला मुद्दाम सांगितली. इटलीतल्या नीत्सा मोनफेर्रातो गावाकडे कार्डून वाढलं की ते वाकवून मातीत गाडतात. उजेड न मिळाल्याने देठ पांढरे, कोवळे होतात, कडवटपणा कमी होतो. पण झाड उजेडाकडे वर यायला धडपडतं आणि वाकडं होतं. म्हणून त्याला तिथे 'गोब्बो' म्हणजे कुबडं म्हणतात. आजीने सगळं ऐकून घेतलं.

"गाडलं तरी वरतं येते?"

"हो."

"मंग काय," ती म्हणाली आणि कुंडीतलं तण काढू लागली.

हे सगळं वाचून आजी आता इथे रमली असं वाटेल. तसं नाही. ती अजून दर पंधरा दिवसांनी घरी नेऊन द्या म्हणते. फेब्रुवारीत बाबा तिला आठ दिवस गावी घेऊन गेले, कुलूप उघडलं, घर झाडलं. परत येताना ती रडली. यावर माझ्याकडे उपाय नाही, आणि करडईची भाजी हा उपाय आहे असं मी लिहिणारही नाही.

पण आता ती जेवते. बाजारात भाजीवालीशी वऱ्हाडीत बोलते, ती छत्तीसगढीत उत्तर देते, आणि दोघींचं बरं चालतं. बाजारात आजी 'बर्रे' म्हणते, घरी आली की करडई. मी मात्र 'मिळत नाही' म्हणायच्या आधी आता विचारून येते.

मार्चमध्ये उरलेल्या दोन झाडांना केशरी फुलं आली. आजीने बोंडं वाळू दिली, बी काढलं आणि एका कागदाच्या पुडीत बांधून ठेवलं. पुडीवर नाव लिही म्हणाली. मी दोन्ही नावं लिहिली.