गार पाण्याची वाट

वैशाखात किनाऱ्यालगतचा गढूळ पट्टा मागे पडला की अरबी समुद्र निळा आणि नितळ होत जातो. पृष्ठभागाचं तापमान तेव्हा 30 अंशांच्या घरात असतं. निळाई डोळे भरून पाहावी अशी, पण पाणी इतकं निळं दिसतं ते त्यात हिरवं फारसं उगवत नाही म्हणून. सागरी जीवनाचा पाया असलेल्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकांना उजेड हवा, आणि नायट्रेट-फॉस्फेटचं खतही. उजेड वरच्या शंभरेक मीटरांत संपतो. खत मात्र खाली साठतं, कारण मेलेलं, कुजलेलं सारं खालीच जातं. या दोघांची गाठ पडू द्यायची की नाही, हे मुख्यतः तापमान ठरवतं. गोडं पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं आणि त्याहून गार झालं की पुन्हा हलकं होतं. समुद्राचं खारं पाणी उणे 1.9 अंशांच्या आसपास गोठेपर्यंत जडच होत राहतं. त्यामुळे ध्रुवांकडचं गार पाणी तळ गाठतं, आणि आपल्या उष्ण समुद्राच्या खोल तळाशीही दोनेक अंशांचं पाणी असतं. वर, दुधावर साय धरावी तसा, उबदार पाण्याचा पातळ थर तरंगतो. तो जितका तापलेला, तितकं खालच्या पाण्याला वर येणं अवघड. म्हणून समुद्राची सुबत्ता उबेत शोधू नये. ती गार पाणी वर येण्यात आहे, असं मला वाटतं.

अरबी समुद्रात ही वाट वर्षातून दोनदा उघडते. नैऋत्य मोसमी वारा सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यावरचं पाणी बाहेर लोटतो, त्याची जागा खालचं पाणी घेतं, आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही सोमालियालगतचा पृष्ठभाग ऐन पावसाळ्यात 20 अंशांच्या खाली उतरतो. आपल्या बाजूला हा उपसा केरळ-कर्नाटकात जोरकस असतो, गोवा आणि दक्षिण कोकणाकडे येता येता मंदावतो. तरीही त्याने हिरव्या झालेल्या पाण्यावर तारली-बांगड्याचे थवे पोसतात. हिवाळ्यात उत्तरेकडची तऱ्हा वेगळी. ईशान्येचा कोरडा वारा पृष्ठभाग थंड करतो, बाष्पीभवनाने खारटपणा वाढवतो. जड झालेलं पाणी बुडतं आणि त्या ढवळणीत खत वर येतं.

यावर पहिला आक्षेप प्रवाळांचा. लक्षद्वीपचं पाणी उबदार आणि निळं, तरी तिथे केवढी जीवसृष्टी! पण ती श्रीमंती जातींच्या विविधतेची आहे, आणि ती टिकते प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालावर, हाती आलेला कण न् कण पुन्हा वापरण्यावर. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून एखादा अंश अधिक, तोही काही आठवडे टिकला, की ते शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपने हे 1998, 2010 आणि 2016 मध्ये सोसलं आहे. दुसरा आक्षेप अधिक कठीण, आणि तो गोव्यातूनच आला. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवून दिलं की आपल्या किनाऱ्यावर चढणाऱ्या या पाण्यातला प्राणवायू पावसाळा सरता सरता संपत येतो, तळाशी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. गार पाण्यात तर प्राणवायू जास्त मावतो. 30 अंशांच्या समुद्रजलात तो 0 अंशांच्या मानाने निम्म्याहून थोडाच अधिक राहतो. मग हे गार पाणी गुदमरलेलं का? मावणं वेगळं आणि उरणं वेगळं. या पाण्याला हवा भेटून फार काळ लोटलेला असतो, आणि वरून पडणारं कुजताना त्याचा प्राणवायू खर्ची पडतो. अरबी समुद्रात सुमारे 150 ते 1000 मीटरांच्या दरम्यान हेच घडत असतं. तेव्हा माझ्या म्हणण्याला एक अट घालावीच लागते: खत आणणारं पाणी श्वासही आणेलच असं नाही. आणि तापत्या थरात मासळीची कोंडी वाढते, कारण पाणी तापलं की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्यातला साठा घटतो.

तिसरा वाद शास्त्रज्ञांमधलाच. तापलेल्या भूभागामुळे मोसमी वारे जोर धरताहेत आणि पश्चिम अरबी समुद्रात प्लवक वाढताहेत, असं जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी 2016 मध्ये उलट निष्कर्षावर आले: पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत 20 टक्क्यांपर्यंत घट, कारण तापलेला थर ढवळण रोखतो. मला दुसरं पटतं. पहिला अभ्यास साताठ वर्षांच्या उपग्रह-नोंदींवर उभा होता, आणि एवढ्या काळात वाऱ्याचे स्वाभाविक चढउतारही वाढीसारखे भासू शकतात. मात्र वारा आणि थर यांच्या झटापटीकडे दोघेही बोट दाखवतात, म्हणूनच पृष्ठभाग किती तापला एवढी बातमी मला अपुरी वाटते. हैदराबादच्या इन्कॉईस या महासागर-माहिती केंद्राकडून मच्छीमारांना मिळणारी मासळीच्या जागांची सूचना पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रह-नोंदींवर बेतलेली असते. गार पाणी वर येत असतं त्याच महिन्यांत ढग उपग्रहाची नजर अडवतात. 2000 मीटरांपर्यंत बुडी मारणारे आर्गो तरंगक आहेत, पण ते खोल समुद्रासाठी. रत्नागिरी, मालवणसमोरच्या उथळ पाण्यात तळापर्यंतचं तापमान आणि प्राणवायू सतत मोजणारी उपकरणं हवीत, आणि त्यांच्या नोंदी ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात उतरण्याआधी बंदराबंदरांत मराठीतून पोचायला हव्यात.