शिशाचा तुकडा आणि लूनचं आयुष्य

न्यू इंग्लंडच्या तळ्यांवर मेलेला लून पक्षी शवविच्छेदनाला आला की आम्ही पशुवैद्य आधी त्याचा एक्स-रे काढतो. माझी नजर थेट पेषणीकडे जाते. लूनला दात नसतात. गिळलेला मासा दळण्यासाठी तो तळातले खडे गिळून पेषणीत साठवतो. त्या खड्यांत एखादा ठिपका पांढराशुभ्र चमकला, तर तो बहुधा मासेमारीच्या दोरीला बांधायच्या शिशाच्या वजनाचा असतो.

लून हा पाण्यासाठीच घडलेला पक्षी. पाय शरीराच्या पार मागे आणि हाडं बरीचशी भरीव, म्हणून तो 60 मीटरपर्यंत बुडी मारू शकतो. जमिनीवर मात्र त्याला धड चालता येत नाही, त्यामुळे घरटं अगदी काठाला लागून असतं. धरणाच्या पाण्याची पातळी वरखाली झाली की अंडी बुडतात किंवा घरटं पाण्यापासून दूर पडतं. न्यू हॅम्पशरमध्ये 1975 साली स्थापन झालेली लून प्रिझर्वेशन कमिटी अशा ठिकाणी घरट्यांसाठी तराफे सोडते.

एका विणीत बहुतेक दोन अंडी. नर-मादी आळीपाळीने ती जवळजवळ चार आठवडे उबवतात आणि पिल्लांना पाठीवर घेऊन फिरवतात. शरदात समुद्रावर गेलेली पिल्लं काही वर्षं तिकडेच राहतात, आणि सरासरी सहाव्या वर्षाच्या सुमारास वीण सुरू करतात. इतक्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याची सारी भिस्त प्रौढांच्या दीर्घायुष्यावर असते. वीण करणारा एक लून गेला, की त्याची जागा भरायला वर्षं लागतात.

गळ अडकलेल्या माशाबरोबर किंवा खडा समजून गिळलेलं शिसं पोटातल्या आम्लात झिजतं, रक्तात उतरतं, आणि काही आठवड्यांत पक्षी मरतो. न्यू हॅम्पशरमध्ये प्रौढ लूनच्या मृत्यूचं हे सर्वांत मोठं ज्ञात कारण आहे. टफ्ट्स विद्यापीठाच्या मार्क पोक्रास यांनी वर्षानुवर्षं केलेल्या शवविच्छेदनांतून याचे पुरावे उभे राहिले. राज्याने 2000 साली काही वजनांच्या वापरावर बंदी आणली. 2016 पासून एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्रीही थांबली.

महाराष्ट्रातून आलेल्या मला इथे गिधाडं आठवतात. वर्षाला एकच अंडं घालणारी आपली गिधाडं जनावरांना टोचलेल्या, त्यांच्या मांसातून पोटात गेलेल्या डायक्लोफेनॅकने संपत गेली; 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तिथे मेलॉक्सिकॅमचा पर्याय होता, इथे कथील, पोलाद आणि टंगस्टन आहेत.

हवेतून तळ्यात उतरणारा पारा आणि बदलतं हवामान हे लूनचे प्रश्न सोडवायला अनेक देशांना एकत्र यावं लागेल. शिशाचा प्रश्न मात्र एकेका माणसाच्या हातात आहे. मासेमारीच्या सामानाच्या जुन्या डब्यांतून उरलेलं शिसं आजही पाण्यात जातं. आजोबांच्या डब्यातली ती वजनं मुठीने काढून संकलन केंद्रावर द्यावीत, ही माझी प्रत्येक मासेमाराला कळकळीची विनंती आहे. लूनसाठी इतकं स्वस्त आणि इतकं परिणामकारक दुसरं काम मला माहीत नाही.