योगेश्वरीच्या शेजारीं

आमच्या जोगेश्वरीस हें नांव लेण्यांतील योगेश्वरी देवीवरून मिळालें. सुमारें सहाव्या शतकांत खडकांत कोरलेलें तें शिवालय आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर आहे. तथापि योगाशीं आमचा खरा परिचय झाला तो वहिनींच्या आजारांत.

गेल्या वर्षीं वहिनींस स्तनाचा कर्करोग झाला आणि पॅक्लिटॅक्सेल हें औषध शिरेवाटे सुरू झालें. कांहीं खेपांनंतर तळपायांस मुंग्या येऊं लागल्या. पुढें रात्रभर आग होऊं लागली. औषध बंद होईल या भीतीनें त्यांनीं हें कोणासही सांगितलें नाहीं. एके सकाळीं न्हाणीघरांत कढत पाण्यानें पाय पोळला, आणि फोड डोळ्यांनीं दिसला तेव्हांच त्यांस तें कळलें!

डॉक्टरांनीं समजाविलें, कीं अशीं औषधें मज्जातंतूंसही इजा करितात. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून आरंभ बहुधा तेथूनच होतो. त्यांनीं औषधाची मात्रा कमी केली. इकडे थोरले काका म्हणाले, "सूनबाई, तें विष सोड. योगानें सर्व बरें होईल."

येथेंच मोह पडतो. परळच्या टाटा रुग्णालयानें स्तनाच्या कर्करोगाच्या शेंकडों स्त्रियांना योगाभ्यास देऊन पाहिला, पण तो औषधोपचारांच्या जोडीस. त्यांच्या बदलीं नव्हे. १९१८ सालीं येथून जवळच वेसाव्यास श्रीयोगेंद्रांनीं योगसंस्था स्थापिली, तीही प्रपंचांतील माणसांसाठींच. वहिनींनीं डॉक्टरांस विचारून तसाच साधा अभ्यास आरंभिला : खुर्चीवर बसून घोटे फिरविणें, पायांचीं बोटें ताणणें, भिंतीस हात टेकून ताडासन, निजण्यापूर्वीं शवासन व संथ श्वसन. एका पायावरील आसनें वर्ज्य. जवळ कोणीतरी उभें असावयाचेंच.

तीन महिने झाले. मुंग्या गेल्या नाहींत. नवे तंतू योगानें फुटतात असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु झोंप येऊं लागली, तोल सावरला. महाशिवरात्रीस वहिनी लेण्याच्या पायऱ्या कोणाचा हात न धरितां उतरल्या आणि म्हणाल्या, "भावजी, पायरी पायाला कळली हो!"

वाचकभगिनींनो, मुंग्या आल्या तर प्रथम डॉक्टरांस सांगा. पाण्याची ऊब पायानें नव्हे, कोपरानें पाहा. आणि मग आसन मांडा. सोसून गप्प राहणें हा योग नव्हे.