कागद आणि हात

जबलपुरात इंजिनियर होणं नवलाचं नाही. १९०४ साली इथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला, १९६९ साली वाहन कारखाना उभा राहिला. मध्यप्रांत-वऱ्हाडाचं सरकारी इंजिनियरिंग कॉलेज १९४७ साली सुरू झालं, तेही राजधानी नागपूरला नव्हे, इथे. गोलबाजारच्या दत्तमंदिरात आरतीनंतर प्रसाद घेताना शेजारी उभे असलेले काका चार्जमन म्हणून निवृत्त झालेले असतात आणि त्यांच्या शेजारचे टर्नर. लेथ, मिलिंग, गेज हे शब्द आमच्या कानांवर बाराखडीबरोबरच पडले.

तरीही नोकरीत मुरल्यावर मी तंत्रज्ञान व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासाला बसले, तेव्हा घरीदारी एकच प्रश्न आला : 'आता कारखान्याच्या शॉपमधून सुटका होणार ना?' ही पदवी म्हणजे तेलकट फरशीवरून काचेच्या केबिनमध्ये जायचा जिना, असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. हा विषय शॉपपासून तुटला, तर त्यात शिकण्यासारखं फार काही उरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी राहते सिविल लाइंसमध्ये. हा भाग कागदाचा. हायकोर्ट इथे, कचेऱ्या इथे, जुने कौलारू बंगले आणि त्यांची प्रशस्त आवारं इथे. पचपेढीला गेलं की जुन्या रॉबर्टसन कॉलेजची इमारत आणि पुढे विद्यापीठ. इंग्रजांनी ही वस्ती वसवली ती राज्य करणाऱ्यांसाठी, आणि राज्य चालायचं फायलींवर. हातांचं जबलपूर निराळं : रांझी, खमरिया, सतपुला. सकाळी मी एका जबलपुरातून दुसऱ्यात जाते आणि संध्याकाळी पुस्तकं उघडते, तेव्हा त्या दोहोंमधल्या अंतराचाच अभ्यास करते.

हे अंतर किती मोठं असू शकतं, ते याच शहरात पाहायला मिळतं. १९८६ साली भारताने स्वीडनच्या बोफोर्सकडून ४१० तोफा घेण्याचा करार केला. तोफ इथे बनवता यावी म्हणून तिचे आराखडेही मिळाले. मग दलालीचं वादळ उठलं आणि कागद कपाटात गेले. तिथे ते दोन दशकांहून जास्त काळ पडून राहिले. ते बाहेर निघाले आणि त्यांवरून जबलपुरात 'धनुष' घडली. ८ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या सहा तोफा सैन्याच्या हवाली झाल्या. पण ही जुन्या तोफेची नक्कल नव्हती. मूळ नळी ३९ कॅलिबरची, ही ४५ची. व्यास तोच, १५५ मिलिमीटर. म्हणजे सहा मीटरची नळी सात मीटरच्या घरात गेली. नळी लांबली की वजन बदलतं, तोल बदलतो, धक्का झेलणाऱ्या यंत्रणेचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. आराखडा मिळणं आणि तो बदलण्याइतका समजणं यांत किती मेहनत असते, ते मला या तोफेइतकं कुठल्याही पाठ्यपुस्तकाने दाखवलं नाही.

उलटं उदाहरणही घरचंच आहे. जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यावर इथे शक्तिमान ट्रक बनू लागला १९५० च्या दशकाच्या अखेरीस. तो डोंगरदऱ्यांत खपला, युद्धं पाहिली, त्याच्याबद्दल माझ्या मनात मायाच आहे. पण तीन दशकांनंतरही तो बराचसा तोच ट्रक होता. बनवायला आपण उत्तम शिकलो. बदलायला शिकायचं राहून गेलं.

एक छोटा प्रसंग माझ्या स्वतःच्या नोकरीतला. एका ठिकाणी नवं सीएनसी मशीन आलं आणि महिनोन् महिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं उभं राहिलं. पाया ओतलेला नव्हता, टूल होल्डरची ऑर्डर निघालेली नव्हती, चालवणारा कोण ते ठरलेलं नव्हतं. खरेदीची फाइल मात्र चोख होती. वर्गात 'तंत्रज्ञानाचा स्वीकार' हे प्रकरण आलं, तेव्हा मला ते धुळीने माखलेलं प्लास्टिक आठवलं आणि त्या प्रकरणातलं अक्षर न् अक्षर कळलं.

मायकेल पोलान्यी यांनी १९६० च्या दशकात शब्दांत न उतरणाऱ्या ज्ञानाबद्दल लिहिलं : कारागिराला ठाऊक असतं ते सगळं त्याला सांगता येत नाही. हे वाचलं आणि मी आमच्या शॉपमधल्या उस्तादांजवळ जाऊन उभी राहिले. ते मशीनची स्लाइड स्क्रेप करत होते. सरफेस प्लेटवर प्रशियन ब्लूचा पातळ हात फिरवायचा, स्लाइड तिच्यावर घासायची, उंचवट्यांवर निळे ठिपके उमटतात, तेवढेच खरवडायचे. पुन्हा निळा, पुन्हा घासणं. प्रत्येक फेरीला ठिपके बारीक होत जातात आणि दाट होत जातात. मी स्क्रेपर धरला तर पात्याने ओरखडा काढला. ''बिटिया, हाथ ढीला छोड़ो, जोर कमर से आने दो,'' ते म्हणाले. ड्रॉइंगवर सपाटीचा आकडा असतो. कमरेचा उल्लेख नसतो.

असे उस्ताद आता वर्षागणिक निवृत्त होताहेत. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध कारखाना मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, आणि आमच्या शहरातले शेजारशेजारचे कारखाने वेगवेगळ्या कंपन्यांत वाटले गेले. व्यवस्था बदलते तेव्हा यंत्रांची यादी होते, जमिनीची मोजणी होते. हातांची यादी कोण करणार? इतक्या वर्षांची शिकवण एखाद्या निरोपसमारंभाच्या शालीबरोबर घरी निघून जाते, याचं मला खरोखर दुःख होतं.

म्हणून प्रबंधासाठी मी हाच विषय मागितला : निवृत्तीला आलेल्या फिटरांचं काम चित्रित करायचं, त्यांच्याशी बोलून टप्पे लिहून काढायचे आणि त्यावरून नव्या अप्रेंटिस मुलांना शिकवायचं. गाइड सरांनी लगेच मान हलवली नाही. ''हे मोजणार कसं?'' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नव्या मुलाला पहिली निर्दोष स्लाइड काढायला किती दिवस लागतात, ते आधी आणि नंतर मोजू. ते थोडं थांबले, मग म्हणाले, ''आणि उस्तादांना प्रबंधात जागा कुठे? आभारात?'' मी म्हटलं, नाही सर, पद्धतीच्या प्रकरणात, त्यांच्या नावानिशी. त्यांनी सही केली. चित्रीकरण सोमवारपासून, पहिल्या पाळीत.