रवाळ उजेड

एप्रिल सरत आला की रात्री साडेअकराच्या सुमाराला चित्रा बरोबर मध्यावर येते. तिच्यापासून नजर सरळ खाली दक्षिण क्षितिजाकडे उतरवावी; नरतुरंगात एक धुरकट ठिपका सापडतो. टॉलेमीने तो ताराच धरला, 1603 मध्ये बायरने तारा समजूनच त्याला ओमेगा हे अक्षर दिलं. हे काहीतरी निराळं आहे हे एडमंड हॅलेने ओळखलं ते 1677 मध्ये, सेंट हेलेना बेटावरून. लंडनहून हा ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ कधी उगवतच नाही. आपल्या कोकणातल्या सड्यावरून तो चांगला 25 अंश वर येतो. अक्षांशाने आपल्या पदरात टाकलेलं हे दान आहे, आणि आपण त्याच्याकडे फारसं बघत नाही याचं मला वाईट वाटतं.

17 हजार प्रकाशवर्षांवर सुमारे एक कोटी तारे, आणि सगळ्यांचा मिळून पसारा जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढा! आठ इंची दुर्बिणीला कॅमेरा जोडला की पहिला मोह होतो तो शटर जास्त वेळ उघडं ठेवण्याचा. कडेचे मंद तारे त्यात उमटतात, हे खरं. पण गाभा जळून पांढराफटक पडतो, आणि जळलेल्या जागचे तारे मागून कितीही खटपट केली तरी हाती लागत नाहीत. म्हणून मी वीस-तीस सेकंदांपुढे जात नाही. असे पुष्कळ फोटो घ्यायचे, तोंडावर झाकण घालून तेवढ्याच वेळाचे काळे फोटो घ्यायचे, मग काळ्यांतला दोष वजा करून बाकीचे एकावर एक रचायचे. गाभा कढवलेल्या तुपासारखा रवाळ दिसायला हवा, कण न् कण सुटा. सगळ्या खटाटोपाचं मोल माझ्या लेखी तिथेच आहे.

रंगही त्या आवरलेल्या उजेडातच टिकतात. तारे बहुतेक 12 अब्ज वर्षांच्या आसपासचे. फुगून थंडावलेले नारिंगी दिसतात. त्यांतलेच काही पुढे बाहेरचं आवरण टाकून पोटात हेलियम जाळू लागतात आणि निळे होतात. एवढ्या वार्धक्यात असा निळा रंग! थेट गाभ्याजवळ एक नारिंगी आणि एक निळा तारा शेजारी शेजारी वेगळे उमटले की जागरण सार्थकी लागतं. नाही उमटले, तर मेच्या अमावास्येला पुन्हा सड्यावर जायचं, पावसाचे ढग यायच्या आत.